बारानंतर थेट चौदा

वासनिककाकांचं मोजणं मी बंद पाडलं. बागेतले बाकीचे लोक कुरकुरत होते हे खरं, पण स्पीकर मी आणला. त्यामुळे दोष वाटून घ्यायला मला कोणी सोबती नाही.

आमच्या कॉलनीच्या बागेत रोज सकाळी पंधरावीस जण व्यायाम करतात. मी त्या ग्रुपचा सेक्रेटरी. मोजायचं काम काकांचं. आमचे हात वर गेले की काका खणखणीत आवाजात सुरू करत, "ऐन्स, त्वाइ, थ्रीस, फिद्वोर, फिम्फ..." नवा माणूस हात खाली घेऊन आधी आजूबाजूला बघायचा.

ही गॉथिक. जर्मन-इंग्रजीच्या घराण्यातली, केव्हाच मेलेली भाषा. काकांची सगळी नोकरी भिवापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आकडे बोलण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांना रद्दीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, पहिली वीस पानं नसलेलं. तेव्हापासून भेटेल त्याला धरून ते विचारत, "अकराले थे लोक ऐनलिफ काहून म्हणत, सांग बरं?" मग काका विजयी चेहऱ्यानं सांगत, "ऐन म्हणजे एक. लिफ म्हणजे उरला. दहा मोजून झाले, एक उरला. अन् बारा म्हणजे दोन उरले. किती सरळ माणसं होती गा!" आपलं सात आणि त्यांचं सिबुन, आपलं नऊ आणि त्यांचं निउन ही एकाच आजीची नातवंडं, हेही ते सांगत. तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या पिशवीतलं दूध फाटायचं.

भानगड बाराच्या पुढे होती. बारानंतर काका थेट चौदा म्हणत.

"वासनिकजी, तेरा कहाँ गया?" कापडवाले अग्रवाल रोज विचारत.

"त्यायच्या पोथ्यात तेरा कुठंच लिहून नाही. मी मनानं कसा बनवू?"

पंधरानंतरही तीच अडचण. मधले शब्द सापडले नव्हते, म्हणून काका एकदम वीसवर उडी मारत. वीस म्हणून आमचे पंधराच व्हायचे. अग्रवाल खूश. पण नव्यानं आलेल्या दोनतीन जणांनी माझ्याकडे तक्रार केली. ते हसायचेही. मी स्पीकर आणला. त्यात एक बाई मंजूळ आवाजात एकपासून वीसपर्यंत मोजायची, तेरासकट.

त्या दिवशी काका ओळीत उभे राहिले, सगळे वीस हात केले, चप्पल घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. महिना झाला तरी आले नाहीत. माझ्या घरून त्यांचं दार दिसतं. मी महिनाभर दुसऱ्या गल्लीतून गेलो.

शेवटी एका रविवारी गेलो. दार उघडंच होतं. आत काका पलंगाशी बसून काकूंचा डावा हात मनगटाला धरून वर उचलत होते. काकूंना मागच्या वर्षी अर्धांगवायू झाला होता, हे मला माहीत होतं. त्यांचा व्यायाम कोण घेतं, हे कधी विचारलं नव्हतं.

"सिबुन... अह्... अह्..." काका आठवर अडखळले. काकूंचा हात खाली आला.

"आजकाल अटकून राहिले हे," काकू मला म्हणाल्या. "सकाळी तुमच्यात घोकून येत, तं घरी बरोबर चालत."

"मराठीत का नाही मोजत?" मी विचारलं.

"मराठीत हिले समजते न, अजून किती बाकी आहेत," काका म्हणाले. "पाचवरच हात सोडते. गॉथिकमधी कुठवर आलो थे कळत नाही, म्हणून उचलत राहते."

"अन् याईचं तोंड पाहून हसू येते," काकू म्हणाल्या. "बागेत जायचे तेवढाच अर्धा तास बाहेर निघत. आता दिवसभर माह्यापाशीच बसून राहतात. मलेच कंटाळा येते."

काका खिडकीकडे बघत होते. मी त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसलो.

"काका, स्पीकर मी आणला. लोकांच्या तक्रारी होत्या, पण खरं म्हणजे नवे लोक हसले की मलाच लाज वाटायची. तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही, आणि नंतर महिनाभर तोंड लपवत फिरलो. माझं चुकलं. मला माफ करा. उद्यापासून मोजायला तुम्हीच या."