तिजोरीचा सहा आकडी नंबर

आकडे पाठ करणाऱ्या माणसांची मला कीव येते. मी संख्येचा स्वभाव लक्षात ठेवतो! घरात छोटी तिजोरी आली, बायकोने तिची नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं आत ठेवली आणि म्हणाली, "नंबर कुठेतरी लिहून ठेवा." मी नुसता हसलो. लाखांच्या घरातली संख्या निवडली होती मी! सम. उलटी वाचली तरी तीच. नऊने भाग जाणारी, शिवाय अकरानेही! असली संख्या कोण विसरेल?

चार महिन्यांनी विसरलो.

त्या दिवशी अकराला तिची मुख्य परिचारिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. बारा वर्षं वाट पाहिलेली जागा. मूळ कागद दाखवल्याशिवाय आत घेणार नव्हते. नऊ वाजता ती तिजोरीपुढे बसली.

"नंबर?"

"सम आहे," मी म्हणालो.

"अहो, नंबर सांगा!"

"तेच सांगतोय ना. उलटसुलट सारखा. नऊने भाग जातो."

चहा पिणाऱ्या सासऱ्यांनी मान वर केली. ते गणिताचे निवृत्त मास्तर. माझ्यावर खूश व्हायचं त्यांचं अजून राहूनच गेलं आहे. मी हुकमाचं पान टाकलं. "बाबा, अकरानेही जातो!"

"सहा आकडी आणि उलटसुलट सारखी असली की अकराने जातेच. प्रत्येक जाते. नाक असलेला माणूस शोधा म्हणण्यासारखं झालं हे."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. "चव्वेचाळीस संख्या बसतात."

"फक्त चव्वेचाळीस!"

"तीन चुकल्या की ही पेटी दहा मिनिटं बंद पडते. म्हणजे चौदा वेळा थांबायचं. दोन तास वीस मिनिटं, नुसतं थांबायला."

बायको माझ्याकडे बघत होती. मी बटणांकडे बघितलं. २०७७०२. चूक! २१६६१२. चूक! २२५५२२. तिजोरी किंचाळली आणि गप्प झाली.

"सगळी शून्यं टाकून बघा," बायको म्हणाली. "दुकानातून आली तेव्हा तीच होती."

"म्हणून तर मी बदलली!"

"आणि शून्याने सुरू होते ती सहा आकडी संख्याच नव्हे," सासरे म्हणाले. लग्नानंतर प्रथमच आमचं एकमत झालं. मला भरून आलं.

बायकोने तिकडे किल्लीवाल्याला फोन लावला. तो आला तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि तिजोरी किंचाळून किंचाळून दमली होती. बायको पर्स खांद्याला अडकवून दारातच उभी होती. तिचा चेहरा बघून मला खरंच लाज वाटली.

"नवा नंबर टाकल्यावर तो पक्का करायला दाराच्या आतलं लाल बटण दाबलं होतं का?" किल्लीवाल्याने विचारलं.

"कुठलं लाल बटण?"

त्याने सहा वेळा शून्य दाबलं. खट्! दार उघडलं. बायकोने कागद उचलले आणि चपला कशाबशा पायात सरकवत ती पळाली.

सासऱ्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला सहा शून्यं मांडली. मग शांतपणे म्हणाले, "सम आहे. उलटसुलट सारखं. नऊने जातं, अकराने जातं. जावईबापू, तुमचे गुणधर्म सगळे बरोबर होते."

जागा तिला मिळाली. तिजोरीला आता तिने नवा नंबर ठेवलाय, लाल बटण दाबून. त्याचा एकच गुणधर्म मला ठाऊक आहे. तो मला सांगायचा नाही, असं घरात ठरलंय.