कुदळेअण्णांनी बसवलेला बूट

मोशीतल्या आमच्या सोसायटीतले कुदळेअण्णा माणसाच्या तोंडाकडे फारसं बघत नाहीत. ते त्याच्या गाडीखाली बघतात. सकाळी पार्किंगमध्ये एखाद्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरायचं कारण नसतं. अण्णा तपासणी करत असतात. कुणी सांगितलेलं नसतं.

चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं ते तयार माल तपासायला होते. कंपनीनं त्यांना रिटायर केलं, पण ते त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. लिफ्टचा दरवाजा, गणपतीचा मांडव, माझ्या बायकोनं दिलेल्या पुरणपोळ्या, सगळ्यांवर एकच शेरा: "हे पास न्हाई व्हायचं." पोळ्या कडेला जाड होत्या म्हणे. खाल्ल्या मात्र पाच.

एका शनिवारी त्यांनी मला जिन्यात अडवलं आणि सांगितलं, "तुमचा बूट फाटलाय." मी माझ्या पायांकडे बघितलं. अण्णांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचं मत स्पष्ट उमटलं. चाकाजवळ ॲक्सलच्या सांध्यावर घड्याघड्यांचं रबरी टोपण असतं, त्याला बूट म्हणतात. तो फाटला की आतलं ग्रीस उडून जातं, धूळ शिरते आणि सांधा खलास होतो, हे ज्ञान मला तिथंच उभ्या उभ्या मिळालं. गॅरेजला टाकतो म्हटलं, तर अण्णांच्या लेखी गॅरेजवाले सगळे नुसते हातोडीवाले. घरीच करू, दोन तासांचं काम हाय.

मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना आजार आहे.

रविवारी नऊ वाजता अण्णा कंपनीचा जुना निळा शर्ट घालून, खिशाला पेन लावून हजर. चाकाचा मधला नट पाऊण तास हलेना, तेव्हा त्यांनी मला पान्याच्या दांड्यावर उभं केलं. वरच्या गॅलऱ्यांमधून लोक बघायला लागले. ॲक्सल ओढल्यावर गिअरचं ऑइल फरशीभर पसरलं. सेक्रेटरी ओरडायला आले, तर अण्णांनी त्यांना त्यांच्याच स्कूटरच्या टायरबद्दल इतकं ऐकवलं की ते टायर बघायला निघून गेले. दुपारी नवा बूट मऊ करायला गरम पाणी हवं म्हणून आमचं दुधाचं पातेलं खाली गेलं. ते परत दुधाच्या कामी आलं नाही.

चारच्या सुमाराला अण्णांनी सांध्यात नवं ग्रीस भरलं आणि तो ठोकून ॲक्सलवर बसवला. खट्ट आवाज आला. बसला एकदाचा, असं ते समाधानानं म्हणाले आणि त्यांचं लक्ष पातेल्याकडे गेलं. बूट पातेल्यातच होता. तो सांध्याच्या आधी चढवायचा असतो. म्हणजे सगळं पुन्हा काढायचं.

इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. अण्णांनी बूट पातेल्यातून काढून उलटसुलट तपासला. शेवटी म्हणाले, "प्रोसेसच चुकीची हाय." जणू ती शेजारच्यानं ठरवली होती.

दोन तासांचं काम पुढच्या रविवारी संपलं. मधला आठवडा मी चाकणला कामावर बसमध्ये लोंबकळत गेलो.

आता चाचणी. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल चकरा मारायच्या आणि कटकट आवाज येतो का ते ऐकायचं. सोसायटीमागं मोकळं मैदान आहे. पण अण्णांच्या मते ते लेव्हलमध्ये नव्हतं; हिंजवडीला एक चांगली जागा त्यांना माहीत होती. मोशीहून हिंजवडीला, गोल फिरायला! मनात मी त्यांना काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. रस्ताभर ते माझ्या क्लचला आणि पुढच्या प्रत्येक ट्रकला नापास करत होते.

ती चांगली जागा म्हणजे एका उंच इमारतीसमोरचा मोकळा प्लॉट निघाला. खड्डे आमच्या मैदानापेक्षा जास्त. मी स्टिअरिंग वळवलं. एक चक्कर, दोन, तीन. कसलाही आवाज नाही. काम चोख झालं होतं, आणि त्याचाही मला थोडा रागच आला. झालं का समाधान, असं मी विचारलं. अण्णांचा कान चाकाकडे नव्हताच. ते मान बाहेर काढून इमारतीकडे बघत होते.

कोण राहतं तिथं, मी विचारलं.

"मुलगी," ते म्हणाले. अर्धी चक्कर झाल्यावर पुढचं बोलले. "तिनं आपलं आपण लग्न ठरवलं. मी गेलो न्हाई. सहा वर्षं झाली."

अण्णांना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं. गाडी थांबवतो, वर जाऊन या, असं मी म्हटलं.

"जाऊन काय बोलू?"

हे ते मला विचारत होते. मी गाडी फिरवत राहिलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई वाळलेले कपडे काढायला आली. खाली एक गाडी वेड्यासारखी गोल फिरतेय म्हणून तिनं वाकून बघितलं. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हलवला नाही, नुसता धरला. ती कपडे तसेच सोडून आत गेली. अण्णांनी हात आत घेऊन मांडीवर ठेवला.

मी स्टिअरिंग सरळ करून गाडी रस्त्याकडे घेतली. तेवढ्यात ती परत आली. कडेवर एक लहान मुलगी होती. बाईनं बोट करून तिला आमची गाडी दाखवली.

"अजून एक चक्कर मारा," अण्णा म्हणाले. "सावकाश."