आधी दौलतभाऊंच्या हातावर

बाभुळगावात आमच्या वस्तीत कुणीही मलमाची डबी आणली, की ती आधी दौलतभाऊंच्या डाव्या हाताला लागायची. तसा नियम कुणी केलेला नव्हता. भाऊच डबी हिसकावून घ्यायचे. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांनी शाईनं चौकोन आखले होते. एकात गंधकाचा पिवळा लेप, दुसऱ्यात दवाखान्यातलं जांभळं औषध, तिसऱ्यात कुणाच्या आजीनं दिलेलं करंजाचं तेल. जिनिंगच्या कारखान्यात कापूस उचलतानाही तो हात ते अंगापासून असा दूर धरायचे, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतलाय.

"तीन दिवस माह्या कातड्यावर राहू दे," ते म्हणायचे, "मंग तुह्या."

खाजेनं हैराण झालेला माणूस तीन दिवस कुठून थांबणार? लोक चिडायचे. "भाऊ, खाज मले सुटली अन् मलम तुमी लावून राह्यले!"

एकदा एक शेजारी फवारणीची पावडर तेलात कालवून पोराच्या खरजेला लावायला निघाला. भाऊंनी वाटीच उडवली. "किडा मरते म्हणतं ना? मंग पोरगं काय दगडाचं हाये?" ती पावडर मात्र त्यांनी हातावर घेतली नाही. "इतका बी येडा नाही मी."

मला हा सगळा अडाणीपणा वाटायचा. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या घरी देवांच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे आले होते. ती वाचूनच मी वाढलो. छापलेल्या शब्दावर माझा भारी विश्वास.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, शांताच्या, मानेवर गजकर्ण उठलं आणि त्याच रविवारी राळेगावची मंडळी तिला पाहायला येणार होती. मी बाजारातून एक लाल डबी आणली. वर छापलं होतं : 'एका दिवसात कातडी स्वच्छ. अपाय नाही.' दारातच भाऊंनी ती घेतली.

"भाऊ, आज शुक्रवार. परवा पाहुणे येतात."

"मंग सोमवारी लाव."

"अहो, अपाय नाही असं स्पष्ट छापलंय!"

"छापणाऱ्यानं सोताले लावलं होतं काय?"

मी आवाज चढवला. माणसाच्या अज्ञानावर बरंच बोललो. भाऊंनी सगळं ऐकलं, एका रिकाम्या चौकोनात मलम चोळलं आणि डबी खिशात टाकून चालते झाले.

"स्थळ गेलं त भाऊच्याच दारात जाऊन बसीन," शांता रडत म्हणाली.

शनिवारी सकाळी भाऊ आले. त्या चौकोनातली कातडी सोलून निघाली होती, आत लालभडक. शांतानं पाहिलं आणि नकळत स्वतःची मान हातानं झाकली. मला कुठं बघावं कळेना.

"चाल पोरी," भाऊ म्हणाले, "एसटी सुटन."

यवतमाळच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी शांताला एक पांढरं मलम दिलं. महिनाभर लावायचं, डाग गेला तरी लगेच थांबायचं नाही. मग भाऊंच्या हाताला पट्टी बांधत ते रागावले, "हे प्रयोग बंद करा. तुमच्या कातडीला सोसलं ते दुसऱ्याला सोसेलच असं नाही."

"हाओ साहेब," भाऊ म्हणाले. ऐकणार नव्हते, हे दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी शांता मान उघडी ठेवूनच पाहुण्यांपुढे बसली आणि राळेगावकरांनी होकारही दिला. पण मला सांगायचंय ते दवाखान्यातलं. आम्ही उठलो तरी भाऊ स्टुलावरून हलेनात.

"साहेब, जुन्या जळक्या डागावर काही निघालं काय?"

"किती जुना?"

"वीस वर्स झाले. घरवालीच्या गालावर हाये. वांग जाते म्हून मलम म्याच आणलं बाजारातून. म्याच लावून देल्लं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "भाऊ, मागच्या महिन्यातही तुम्ही हेच विचारलंत."

"हाओ. मधात काही नवं निघालं असंल त, म्हटलं..."

डॉक्टरांनी हळूच नकारार्थी मान हलवली. भाऊंनी टोपी घातली. बाहेर पायऱ्यांवर ते शांताकडे वळले.

"गावात गेल्यावर माह्या घरी येऊन काकूले मान दाखवजो तुही," ते म्हणाले. "कातडी साबूत हाये म्हण. बरं वाटन तिले."