हमरापूरची गरम हवा

“मामा, तुम्ही अजिबात घोर लावून घेऊ नका. आठवड्याभरात तुमचे गणपती पापडासारखे खडखडीत करून देतो!”

प्रविणने ही घोषणा केली ती सासुरवाडीला, तोंडात भाकरीचा घास असताना. त्यामुळे ती निम्मीच ऐकू आली. पण सासऱ्यांनी, पुंडलिकमामांनी, तेवढ्यावरच कपाळाला हात लावला. त्यांना जावयाचा अनुभव होता.

हमरापूरला मामांचा गणपतीचा कारखाना. माल सगळा शाडूचा. यंदा पाऊस असा काही चिकटला होता की पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं बसलेल्या मूर्ती वाळायचं नावच घेईनात. त्या वाळल्याशिवाय रंग नाही, आणि रंग नाही तर पेणच्या व्यापाऱ्याला माल नाही. इतक्या वर्षांत मामांचा शब्द कधी चुकला नव्हता. त्यांची झोप उडाली होती.

प्रविण रोह्याच्या एका पावडर बनवणाऱ्या कंपनीत फिटर. तिथं ओली पावडर ड्रायरमध्ये जाते आणि कोरडी बाहेर येते, हे तो रोज बघायचा. पावडर वाळते तर देव का वाळणार नाहीत? झालं! बायको अनिताला घेऊन तो महिनाभर हमरापूरलाच मुक्कामाला आला आणि इथून रोह्याला बाईकवर ड्युटीला जाऊ लागला.

येताना त्यानं भंगारवाल्याकडून एक हीटर आणला. हीटर म्हणजे तांब्याच्या नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची जाळी, गाडीच्या रेडिएटरची थोरली बहीणच. शेडमागं लाकडांवर पेटणारा मोठा बंब बसवला. बंबातलं गरम पाणी पंपानं जाळीत फिरणार, मागचा पंखा जाळीतून हवा शेडमध्ये ढकलणार, आणि ओलसर हवा पलीकडच्या झरोक्यातून बाहेर पडणार.

“कळलं का मामी?” त्यानं सासूला विचारलं.

“कळलं की,” हौसामामी म्हणाल्या. “च्यासाठी आधण ठेवायचं, पन च्या नाय करायचा.”

पहिल्याच दिवशी बंब रटरटला, पंखा घरघरला आणि शेडमध्ये आली थंडगार हवा! मामांनी खांद्यावरचा टॉवेल कानाला गुंडाळला.

“नळीत हवा अडकलीय मामा! वरचा हा स्क्रू जरा ढिला केला की...”

स्क्रू जरा नाही, पूर्णच ढिला झाला. आधी ‘फुस्स’ झालं आणि मग गरम पाण्याची चिळकांडी थेट मामांच्या धोतरावर! मामा गेल्या वीस वर्षांत उडाले नव्हते इतके उंच उडाले.

पण खरं सांगायचं तर त्यानंतर कमाल झाली. हवा अशी ऊबदार सुटली की संध्याकाळपर्यंत पुढच्या दोन ओळी बोटाला कोरड्या लागायला लागल्या. मामांनी मूर्तीवर टिचकी मारली. टणक आवाज आला.

“जावय, तुमी इंजिनेर हाव!”

प्रविणची छाती शर्टाच्या बटणांना भारी झाली. गावभर बोभाटा झाला. आळीतल्या बाया येऊन दारातून गरम हवा अंगावर घेऊन गेल्या. “काय गो हौसा, उन्हाळाच आणलाव की घरात!”

आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं बिघडलं.

प्रविण ड्युटीवरून आला तर भिंतींना घाम! मूर्ती आदल्या दिवसापेक्षा मऊ! त्यानं पाण्याचा कॉक आणखी उघडला. त्याबरोबर हीटरपुढच्या दोन गणपतींचे कान तडकले, मागचे मात्र आंघोळ करून बसल्यासारखे ओले. कॉक कमी केला, तर सगळेच ओले. त्यानं जाळी काढून धुतली. पंख्याचा पट्टा बदलला. झरोका मोठा केला. शेड रोज आणखीच दमट!

“हवा तर गरम येतेय, मग हे पाणी येतंय कुठून?” तो जेवताना पुटपुटला. अनितानं त्याच्या ताटात न मागताच भात वाढला. मामी एकदम उठून पाणी आणायला गेल्या.

व्यापाऱ्याचा टेम्पो परवावर आला तेव्हा प्रविणनं न सांगता अर्धी सुट्टी टाकली. भरदुपारी आला तो थेट शेडमागं गेला आणि पंख्याचा जोर कमी पडतोय असं वाटून त्याच्या मोटरच्या वायरी सोडून पुन्हा जोडल्या. त्यात दोन वायरी उलटसुलट झाल्या. पंखा उलटा फिरू लागला! हवा आत ढकलायची सोडून बाहेर ओढू लागला आणि झरोक्यातून बाहेरचा वारा आत घेऊ लागला. आणि पंख्यानं धूर ओढू नये म्हणून बंबाचं धुराडं त्यानं लांब पाइपानं नेमकं त्या झरोक्याखालीच नेलं होतं. बघता बघता शेड धुरानं गच्च भरली!

“आग! आग!” मामा ओरडले.

सगळी आळी धावली. प्रविण हात पसरून दारात उभा राहिला. “पाणी मारू नका! माती आहे! गणपती विरघळतील!”

पण कुणाच्याही हातात बादली नव्हती. बाया त्याला ढकलून थेट आत घुसल्या.

“माझा शालू गो!”

“ह्यांची प्यांट! उद्या बारशाला जायचंय!”

धुरातून एकेक बाई बाहेर येऊ लागली. कुणाच्या हातात लुगडी, कुणाच्या चादरी, तर कुणी पोरांचे गणवेश पोटाशी धरलेले. गणपतींच्या मागच्या ओळीपासून भिंतीपर्यंत दोऱ्याच दोऱ्या होत्या! प्रविण ड्युटीवर गेला आणि मामा दुपारचे घरात कलंडले की त्या बांधल्या जायच्या आणि संध्याकाळच्या आत सुटायच्या. सगळ्यांत शेवटी खोकत अनिता आली. तिच्या हातात प्रविणचा कंपनीचा युनिफॉर्म.

“अहो, तुम्हीच म्हणायचात ना, हल्ली कडक वाळतो म्हणून?”

प्रविणनं पंखा बंद केला आणि पायरीवर बसला.

“मामी, अहो, एका ओल्या लुगड्यात तांब्याभर पाणी असतं! ते हवेत जातं आणि गणपती पितात!”

“चार लुगड्यांनी काय होतंय, असं वाटलं,” मामी पदरात तोंड लपवत म्हणाल्या. “पन नाय म्हणवेना. ओली कापडं घेऊन दारात आलेल्या बाईला कसं परत धाडायचं?”

मामा आधी लालबुंद झाले आणि मग असे हसत सुटले की बाकावरून घसरले.

दोऱ्या उतरल्या, वायरी सरळ झाल्या आणि गणपती खरंच वाळले. तडकलेले कान मामांनी असे सांधले की कुणाला पत्ता लागू नये. रंग मारायला आळीतल्या बायाही बसल्या. टेम्पो एक दिवस थांबला, पण भरून गेला.

आठवड्यानं प्रविणला पेणच्या रामवाडीतून फोन आला. “गरम हवेचे इंजिनिअर तुम्हीच ना? आमचा माल वाळतच नाही हो! तातडीनं या.”

प्रविणनं इस्त्रीचा शर्ट घातला, मोजपट्टी घेतली, वाटेत भांग पाडला. बंगल्यात दिपिका नावाच्या बाईंनी त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथं छतापासून जमिनीपर्यंत टांगलेली दुपटी, लंगोट आणि टोपडी! मधोमध दोन पाळणे.

“जुळी आहेत,” त्या थकून म्हणाल्या.

तेवढ्यात एका पाळण्याखाली थेंब टपकू लागले. प्रविणनं दाराकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं मोजपट्टी भिंतीला लावली.

“बरं ताई, दिवसाला माल किती निघतो?”