टिटवीची अंडी आणि जलविहार समिती

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं घरात ठरलेलं आहे. बाबा धरणावर नोकरीला आहेत आणि लोक उगाच काहीतरी अर्थ काढतात. पण ही गोष्ट जनावरांची आहे आणि फार जुनी आहे. तेव्हा बाळांनो, जवळ सरका आणि हळू ऐका.

एका जंगलात, जिथे अजून रस्ता पोचला नव्हता पण समिती पोचली होती, एक धरण होतं. हत्तींनी तीन पिढ्या खपून ते बांधलं होतं. पावसाळ्यात तलाव भरायचा. उन्हाळ्यात त्याचं पाणी पाटाने खालच्या रानात जायचं. तिथली भेकरं, ससे, मोर ते प्यायचे. धरण त्यांच्यासाठीच होतं. तसं दगडावर कोरलेलंही होतं.

एकदा वाघमहाराज तलावावर गेले. पाण्यात त्यांना आपलं तोंड दिसलं. ते त्यांना फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी जलविहार समिती स्थापन झाली.

तलावात बोटी आल्या. बोटी बदकांच्या आकाराच्या होत्या. खरी बदकं त्या दिवसापासून काठावर बसू लागली, कारण पाण्यात गर्दी नको होती.

समितीचे सचिव होते साळिंदरराव. त्यांच्या पाठीवर जन्मतःच लेखण्या होत्या, त्यामुळे परीक्षा घ्यावी लागली नाही.

समितीचा सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे जलोत्सव. भर वैशाखात धरणाचे सगळे दरवाजे उघडायचे आणि पांढराशुभ्र धबधबा पाडायचा. वैशाखातला धबधबा दुसऱ्या कुठल्याच जंगलात नव्हता.

पण हत्तींनी एक नियम घालून ठेवला होता. उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते. ती उंचावर दिसली, तर पाऊस चांगला. खाली पाण्याकाठी दिसली, तर पाऊस बेताचा. म्हणून नियम असा होता, की अंडी उंचावर असतील तर पाणी हवं तसं वापरावं. अंडी खाली असतील तर ते पिण्यासाठी राखून ठेवावं.

त्या वर्षी टिटवीने अगदी काठाला, गोट्यांमध्ये चार अंडी घातली.

टिटवीला नियम ठाऊक नव्हता. तिला एवढंच कळत होतं, की ऊन फार आहे. अंडी तापू नयेत म्हणून ती पाण्यात बसायची, पोटाची पिसं भिजवायची आणि दोन पावलं चालून अंड्यांवर येऊन बसायची. दोन पावलं म्हणजे काहीच नाही. म्हणून तर तिने ती जागा निवडली होती.

साळिंदरराव पाहणीला आले. अंडी पाहून त्यांच्या सगळ्या लेखण्या उभ्या राहिल्या.

"टिटवीबाई, हे काय केलंत?"

"अंडी घातली."

"ते दिसतंय हो. पण इथे? महाराजांनी शेजारच्या सिंहांना आमंत्रण धाडलंय!"

"येऊ देत की. मी कुणाला अडवते?"

"तुम्ही नाही, तुमची अंडी अडवतायत."

संध्याकाळी समितीची बैठक झाली. नियम मोठ्याने वाचला गेला. अंडी टिटवीनेच उंचावर घातली पाहिजेत, असं त्यात कुठेच नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलं.

सकाळी दोन माकडांनी अंडी पळसाच्या पानावर घेतली आणि धरणाच्या भिंतीवर, सगळ्यात उंच जागी नेऊन ठेवली. टिटवी ओरडत मागोमाग गेली. टिटवीचं ओरडणं अशुभ असतं, म्हणून कुणी ऐकलं नाही.

"यंदा पाऊस चांगला आहे," साळिंदररावांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

बातमी खालच्या रानात गेली. तिथली जनावरं दर उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डे खणून झिरे काढत. पाट आटलाच, तर झिऱ्याचं पाणी असावं म्हणून. बातमी ऐकून त्यांनी खणणं थांबवलं. फक्त भेकरमावशी खात्री करायला वर आली.

"काय गं, खरंच इथे घातलीस?"

"खाली घातली होती, मावशी. ती वर आली."

"चालत?"

"समितीने आणली."

"मी आजवर पुष्कळ टिटव्या पाहिल्या," भेकरमावशी म्हणाली, "पण चढणारी अंडी पहिल्यांदाच पाहते. अगं, मग सांग की महाराजांना!"

"सांगितलं. ते म्हणाले, शुभकार्याच्या तोंडावर ओरडू नकोस."

मावशीने खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं. पण जाहीर झालेली गोष्ट खोटी कशी असेल, म्हणून कुणी खुरानेसुद्धा वाळू उकरली नाही.

जलोत्सव थाटात झाला. दरवाजे उघडले. धबधबा पडला. पाणी खालच्या रानातून धावत गेलं, पण थांबलं नाही. पाहुणा सिंह "बरं आहे" म्हणाला. वाघमहाराजांना ते फार लागलं, म्हणून धबधबा आणखी एक दिवस चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी तलाव पाटाच्या तोंडाखाली गेला. पाट कोरडा पडला.

भिंतीवर टिटवीची अंडी तापत होती. आता दोन पावलांनी भागत नव्हतं. ती भिंतीवरून पाण्यापर्यंत उडायची, पोट भिजवायची आणि परत उडायची. रोज पाणी थोडं दूर जायचं. रोज तिची पिसं वाटेतच जास्त वाळायची. त्यात साळिंदररावांनी काठाला पाटी लावली : 'हे पाणी पिण्यासाठी राखीव आहे. पोट भिजवू नये. पिऊही नये.' मग ती साळिंदरराव दुपारी झोपले, की जायची.

चौथं अंडं उकडलं. तरी ती पुढचे पाच दिवस त्यालाही पोट लावत होती.

तीन पिल्लं निघाली. टिटवीची पिल्लं जन्मल्या जन्मल्या चालतात, हे एक बरं. ती तिघं आईमागोमाग भिंत उतरली आणि तलावाच्या भेगाळलेल्या तळातून चालत गेली. कुशीवर पडलेल्या एका बदकबोटीच्या सावलीत डबकं उरलं होतं. तिथे ती राहिली.

आषाढ आला. पाऊस आला नाही. खालच्या रानातली जनावरं उशिरा झिरे खणू लागली, आणि सगळ्यांना ते पुरले नाहीत. तेव्हा चौकशी लागली.

"चांगला पाऊस कुणी सांगितला होता?" वाघमहाराजांनी विचारलं.

"टिटवीने," समिती एका सुरात म्हणाली.

"मी काही सांगितलं नव्हतं," टिटवी म्हणाली. "मी फक्त अंडी घातली होती."

साळिंदररावांनी एक लेखणी उपटली आणि लिहिलं : 'आरोपीने अंडी घातल्याचं कबूल केलं.'

शिक्षा सौम्य होती. पुढच्या वर्षापासून तिने अंडी थेट भिंतीवरच घालायची, म्हणजे माकडांना त्रास नको.

पुढच्या वर्षी टिटवी कुठेच दिसली नाही. समितीचं काही अडलं नाही. नदीतले चार गोल गोटे आणले, त्यांच्यावर ठिपके काढले आणि भिंतीवर मांडले. तेव्हापासून त्या जंगलात दरवर्षी पाऊस चांगला असतो.

खालच्या रानात मात्र भेकरमावशी दर वैशाखात एकटीच कुठेतरी जाऊन येते. आल्यावर झिरा किती खोल खणायचा, तेवढंच सांगते. आता तिला कुणी उलट विचारत नाही.

तात्पर्य : पाऊस पाडणं टिटवीच्या हातात नसतं, पण तो न पडणं हा तिचाच गुन्हा असतो. म्हणून शहाण्याने खऱ्या अंड्यांच्या नादी लागू नये. गोटे उन्हाने उकडत नाहीत आणि ओरडतही नाहीत.

आणि खरी अंडी कुठे असतात, तेही सांगते, पण तुमच्यातच ठेवा. धरणाखाली उतरलं, की डाव्या हाताला जी करवंदाची जाळी लागते, तिच्या मागे

"सुमेधे! अगं, पाणी आलंय! आधी हंडा लाव, पाच मिनिटांत जाईल!"