अक्काच्या खोलीतलं तापमान

शार्दूलला लग्न करायचं होतं, म्हणून तो यीस्ट निवडत होता.

देवासच्या जगदेवरावांनी मुलीला, शिवांगीला, साफ सांगितलं होतं, "तुझा तो धारचा मुलगा घरी बेल्जियन गव्हाची बियर बनवतो म्हणे. पाजू दे. मग बघू." जगदेवराव एकदा ब्रसेल्सच्या विमानतळावर विमान चुकल्यामुळे अडकले होते. तेव्हापासून बेल्जियमबद्दल सबंध माळव्यात त्यांचा शब्द शेवटचा.

शार्दूल पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात क्वालिटीत होता, म्हणजे शंका घेण्याचा त्याला पगार मिळे. एका यीस्टला केळ्याचा वास येतो, दुसऱ्याला लवंगेचा, यावर त्याने बरेच दिवस शंका घेतली आणि लवंगवालं मागवलं. त्या यीस्टची अट एकच होती: बावीस अंश. मे महिन्यात एवढा गारवा घरात फक्त अक्काच्या, म्हणजे त्याच्या आत्याच्या, कूलरसमोर होता.

"अक्का, या डब्यात गव्हाचं पाणी आंबतंय. झाकण उघडायचं नाही."

"पुरुषमाणसाने कुरडया घातलेल्या आपल्या घराण्यात ऐकल्या नाहीत रे," अक्का कौतुकाने म्हणाली. तिचे कुरडयांचे गहू शेजारच्याच पातेल्यात भिजत होते.

बेल्जियन रीतीचे धणे नि संत्र्याची साल आत घातलेलीच होती; शार्दूलने डब्याला बाहेरून थर्मामीटर चिकटवला. शिफ्टवरून आला की आधी बावीस बघायचा, मग जेवायचा. फोनवर शिवांगीला म्हणायचा, "लवंगेचा वास यायला लागलाय!"

रविवारी जगदेवराव शिवांगीला घेऊन आले नि ओसरीवर बसले. शार्दूलने झाकण उघडलं. आत नळाचं पाणी होतं. बरोब्बर बावीस अंशांचं.

"अक्का!"

"ओरडतोस काय? कुरडयांचं पाणी रोज बदलायचं असतं. तू कारखान्यात, मग मीच बदलत होते. पहिल्या दिवशी केवढा फेस! आणि बाळा, गहू घालायचेच विसरलास की तू. नुसते धणे नि संत्र्याची साल. म्हटलं शिकेल हळूहळू."

"ते पाणी कुठे टाकलंस?"

"शेजारच्यांच्या म्हशीला दिलं. भारी खूश आहे ती."

बाहेरून जगदेवरावांची माळवी हाक आली, "काय भिया, आज पाजताय का उद्या?"

शार्दूलने अक्काच्या पातेल्याकडे पाहिलं. आंबट, पांढुरकं, गढूळ. बेल्जियन बियरही अशीच दिसते, एवढं त्याने वाचलं होतं. त्याने पाणी गाळलं, धणे कुटून घातले, साल पिळली, वरून सोडा ओतला आणि देवाचं नाव घेतलं.

जगदेवरावांनी घोट घेऊन डोळे मिटले. शिवांगीने घोट घेतला आणि पदरात खोकत बसली. ओळखलं होतं तिने. तिच्या घरीही कुरडया होतात.

"वाह! ब्रसेल्स! तंतोतंत! यीस्ट कोणतं?"

"घराण्यातलंच आहे."

"और टेंपरेचर?"

"ते अक्का बघते."

"मुलगी दिली," जगदेवराव म्हणाले. "पण लग्नात सगळ्या पाहुण्यांना हीच पाहिजे. देवासला कळू दे."

मुहूर्त निघालाय. शार्दूल रोज पहाटे उठून गव्हाचं पाणी गाळून बाटल्या भरतो, आणि उरलेल्या गव्हाचं अक्का तिला येतं तेच करते. धारमध्ये सध्या त्यांच्याकडे कुणी नुसतं पत्ता विचारायला थांबलं, तरी कुरडयांची पिशवी घेतल्याशिवाय सुटत नाही.