सासऱ्यांच्या नळात सापडलेले प्राणी

"एक थेंब द्या काका, तुमच्या पाण्याची सगळी कुंडली मांडतो!"

भावी जावयाने ही बढाई मारली ती भावी सासऱ्यांसमोर, आणि सासरे म्हणजे शहराच्या पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता. लग्नाला त्यांचाच होकार तेवढा अडला होता. दुसरा कुणी असता तर फुलं घेऊन गेला असता. हा पडला तलावांचं पाणी तपासणारा गडी, बगलेत सूक्ष्मदर्शक मारून गेला.

"पाण्यात प्राणिप्लवक असतात. इवले इवले जीव. कुठले जीव दिसतात त्यावरून पाणी किती घाण ते कळतं. ते खोटं बोलत नाहीत!"

"माझ्या नळात जीवच नसतात," सासरे म्हणाले. "गाळून, क्लोरिन मारून पाठवतो मी."

जावयाने खिशातून ड्रॉपर काढला, नळाचा थेंब काचेवर सोडला, डोळा लावला आणि लॉटरी लागल्यासारखा ओरडला, "ब्रॅकिओनस! इथे तर संमेलन भरलंय!"

"म्हणजे काय?"

"गटाराच्या पाण्यात मजेत राहणारा जीव, काका!"

स्वयंपाकघरात सासूबाईंनी भरलेली भांडी धडाधड उपडी केली. "अहो, इतकी वर्षं गटार पाजलंत आम्हाला?" दारात उभी शेजारीण ते ऐकून जी सुटली! बघता बघता जिना पोट धरलेल्या माणसांनी भरला. "सकाळपासून चव वेगळीच लागत होती," असं तेही सांगत होते ज्यांच्याकडे सकाळी पाणी आलंच नव्हतं.

सासऱ्यांनी घाम पुसत फोन लावला. "मुख्य व्हॉल्व्ह बंद करा! अख्ख्या शहराचा!"

इतक्यात सासऱ्यांच्या मुलीने, म्हणजे होणाऱ्या नवरीने, त्याच नळाचा दुसरा थेंब चमच्याने नव्या काचेवर सोडून सूक्ष्मदर्शकातून बघितला.

"यात तर काहीच नाही रे. तुझा ड्रॉपर याआधी कुठे होता?"

"सकाळी... नाल्यावर."

"मग धुतलास ना?"

"खिशाला पुसला."

शहर कोरडं पडलं आणि फोन खणखणायला लागला. सासरे प्रत्येकाला सांगत होते, "तांत्रिक अडचण आहे," आणि दर वेळी जावयाकडे बघत होते.

शेवटी मुलीकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. "लग्नाला माझी हरकत नाही."

"खरंच, काका?"

"अट एकच. बिऱ्हाड माझ्या पाइपलाइनच्या हद्दीबाहेर थाटायचं!"

आनंदाने जावयाचा घसा कोरडा पडला. पण त्या घरात पाणी मागायची ती वेळ नव्हती.